सुयशचं अपील

गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

तीन वर्षं.

न्यायाधीश बाईंनी आकडा वाचला आणि पान उलटलं. मी पुढच्या बाकावर होते, सुयशचे बाबा दादाराव शेजारी. सुयशने मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या मानेवरचे केस वाढलेत, कापायला हवेत, एवढंच मला त्या क्षणी सुचलं. आता त्याचाही राग येतोय.

घरी आल्यावर धम्मदीपाला सांगितलं. ती ‘ओके’ म्हणाली आणि वर तिच्या खोलीत गेली. सोळा वर्षांची घोडी, सख्ख्या भावाला तुरुंगवास झाला, आणि म्हणे ओके.

कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी मला वेड्यात काढायला नको. मार्चमधल्या एका संध्याकाळी इथे हॉलंडमध्ये, आमच्या लायडस्खेनडाम गावातल्या एका छोट्या दुकानात रोबिन नावाचा मुलगा चाकू घेऊन शिरला. सिगारेट, लॉटरीची तिकिटं विकणारं दुकान. लोकांची पार्सलंही तिथेच येतात, आमचीसुद्धा. दुकान चालवणाऱ्या मेव्रौ, म्हणजे श्रीमती, फान देल्डन सत्तरीच्या आहेत. त्यांनी चाकू धरायला हात पुढे केला आणि तळहात चिरला गेला. रोबिन गल्ला घेऊन पळाला.

आमचा सुयश बाहेर स्कूटरवर होता. बाहेर! दुकानात त्याने पाऊल ठेवलं नाही. रोबिन सिगारेट आणायला गेलाय असंच त्याला वाटलं, हे त्याने पहिल्यापासून सांगितलंय. पण कोर्ट म्हणतं, इंजिन चालू ठेवून, हेल्मेट न काढता जो थांबतो, त्याला आत काय चाललंय हे कळायला हवं होतं. म्हणून दोघंही सारखेच दरोडेखोर.

दरोडेखोर. डेल्फ्टला इंजिनिअरिंग शिकणारा माझा पोरगा. रोबिनशी संगत नको म्हणून मी कितीदा सांगितलं होतं. मी सांगत होते ते खरं ठरलं, हे मात्र कुणी मान्य करत नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

विनयदादाचा फोन आला, न्यू जर्सीहून. माझा मावसभाऊ. तिथल्या सगळ्या खटल्यांची माहिती असल्यासारखं बोलतो.

“ज्युरीला जजने काय सूचना दिल्या ते बघ, ललिता. कायदा चुकीचा समजावला असेल तर अपिलात निकाल उलटतो. तिथूनच धरायचं.”

“इथे ज्युरी नसते, दादा.”

“मग दोषी की निर्दोष, ठरवतं कोण?”

“तीन न्यायाधीश. तेच ठरवतात, तेच शिक्षा देतात.”

“आणि त्या तिघांना सूचना कोण देतं?”

वकिलांना विचारते म्हणून मी फोन ठेवला. कुणीच नाही. तेच एकमेकांकडे बघून माना हलवत असतील. दादारावांना हे म्हटलं तर ते म्हणाले, “त्यांनी फाइल वाचली आहे, ललिता.” म्हणजे काय? मी काय वाचली नाही? डच डिक्शनरी लावून ओळ न् ओळ वाचली आहे.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

द हेगला वकिलीणबाईंकडे गेलो. फेम्के होखलांड. बारीक, उंच, सायकलचं हेल्मेट टेबलावर. मी विनयदादाचा प्रश्न तसाच विचारला. तिला हसू येईल वाटलं होतं, पण ती गंभीरपणे म्हणाली, “प्रश्न चांगला आहे. ज्युरी नसली तरी न्यायाधीशांनी स्वतःला काय सांगितलं, ते निकालपत्रात लिहावं लागतं. आणि मला वाटतं, इथे ते थोडे घसरलेत. कळायला हवं होतं, हे पुरेसं नाही. त्याला माहीत होतं, किंवा कळूनसवरून त्याने धोका पत्करला, हे दाखवावं लागतं.”

मी टेबलावर हात आपटला. “बघा! मी हेच म्हणतेय!”

मग तिने बाकीचं सांगितलं. वरच्या कोर्टात सगळी केस पहिल्यापासून ऐकतात. सुयशला पुन्हा सगळं विचारतील. सरकारी पक्षसुद्धा अपील करू शकतो, आणि त्यांनी केलं तर शिक्षा वाढूही शकते.

“पण तीन वर्षं जास्तच आहेत,” ती म्हणाली. “वय, पहिलाच गुन्हा. शिक्षेच्या मुद्द्यावरही बोलता येईल. फक्त, सुयशला अपील हवंय ना?”

“अर्थात हवंय.”

दादारावांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यभर मीटिंगमध्ये बसल्यासारखा बसत आलाय.

शनिवार, २६ ऑक्टोबर

भेट. सुयश बारीक झालाय. मी बसण्याआधीच म्हणाला, “आई, अपील नको.”

“का नको?”

“नको. जे आहे ते राहू दे.”

हे तुरुंगाने केलंय. मार्चपासून आत आहे, सात महिन्यांत माझ्या मुलाचा कणा मोडला. मी त्याला सांगितलं, तुझ्या आजोबांनी नांदेडमध्ये एका खोट्या तक्रारीविरुद्ध कोर्टात उभं राहून नोकरी परत मिळवली. आपल्या घराण्यात गप्प बसून अन्याय सोसत नाहीत. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर कशासाठी लावलाय आपण?

“आई, ते वेगळं होतं.”

“काय वेगळं? तुला माहीत नव्हतं, आणि ते म्हणतात माहीत असायला हवं होतं. एवढ्यावर माणसाची तीन वर्षं घेतात?”

तो टेबलाकडे बघत राहिला. मग मी रडले. ठरवून नाही. तो म्हणाला, “बरं. कर तुला करायचं ते.” मी त्याचे हात धरले. निघताना त्याने विचारलं, “त्यांचा हात कसा आहे? मेव्रौंचा?”

मला संताप आला. ज्यांच्यामुळे तो आत आहे त्यांच्या हाताची चौकशी!

बुधवार, ३० ऑक्टोबर

फेम्केने अपील दाखल केलं. संध्याकाळी तिचाच फोन: सरकारी पक्षानेही केलंय. त्यांना चार वर्षं हवीत.

करा. या सगळेजण.

रविवार, ८ डिसेंबर

महिन्याच्या बुद्धवंदनेला गेलो होतो, पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी. हॉलमध्ये मेणबत्त्या, पांढरे कपडे, पोहे आणि चहा. सगळं नेहमीचं. रूपालीने मला बाजूला घेतलं. तिचा मुलगा सुयशच्याच वर्गात होता. म्हणाली, “ललिताताई, आमच्याकडून काही लागलं तर सांगा हं.” आणि लगेच मुलाला हाक मारून जॅकेट घालायला सांगितलं. म्हणजे निघायची घाई. जणू आमच्याजवळ थांबलं तर लागण होईल.

पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. दादारावांचा आवाज तिथेच फाटला. लोकांसमोर! मी कोपराने ढोसलं. ट्राममध्ये मी म्हटलं, “अहो, तुम्ही असे खचलात तर लोकांना वाटेल आपला मुलगा गुन्हेगारच आहे.”

धम्मदीपा फोनमधून मान वर न करता म्हणाली, “Mama, he did do it, you know.”

“काय म्हणालीस?”

“He was there. तो होता ना तिथे.”

इतकं मराठी बोलली, तेही नेमकं हे बोलायला. मी तिच्याशी घरापर्यंत बोलले नाही. शेजारच्या बाकावरची डच बाई आमच्याकडे बघत होती, तिलाही मी डोळे वटारले.

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

मला आज फ्लू. भेटीला दादाराव एकटे गेले. उशिरा परत आले. ट्राम मिळाली नाही म्हणाले. कोट न काढता स्वयंपाकघरात उभे.

“कसा आहे?”

“बरा आहे.”

“काय बोललात तासभर?”

“तोच बोलला. मी ऐकलं.”

“काय बोलला?”

त्यांनी नळाखाली पेला धरला, भरला, प्यायले नाहीत. “तू त्याच्याशी बोल, ललिता.”

मी दर पंधरवड्याला बोलतेच आहे! केस मीच लढतेय. फेम्केला मेल मी करते, कागद मी वाचते, सुयशला काय उत्तरं द्यायची ते मी समजावते. हे नुसते जाऊन बसतात, तोंड पाडून येतात, आणि मला सांगतात, बोल.

रविवार, ९ मार्च

आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये मेव्रौ फान देल्डन दिसल्या. भाज्यांजवळ. डाव्या हाताने पिशवी उघडायचा प्रयत्न करत होत्या, उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत वाटतं. पार्सल घ्यायला गेले की म्हणायच्या, “मेव्रौ ललिता, तुमचा मुलगा किती नम्र आहे, नेहमी दार धरतो.”

त्यांनी मला पाहिलं. मी ट्रॉली तशीच सोडून बाहेर आले. मी का पळावं? मी काय केलंय? दिवसभर स्वतःवरच चिडले आहे.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीला गेले नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. दादाराव आणि धम्मदीपा गेले. घरी बसून निकालपत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचलं: कळायला हवं होतं. पाठ झालंय. या एका वाक्यावर सुयश सुटेल.

मधेच मनात आलं, खरंच, इंजिन का चालू ठेवलं असेल?

थंडी होती म्हणून. मार्चमध्ये थंडीच असते.

रविवार, २५ मे

सुनावणी जवळ आली. फेम्के सुयशला भेटून आली. मी फोन केला तर म्हणाली, “मी माझं काम करीन. पण त्याने काय बोलायचं ते तो ठरवेल.”

“त्याचं आधीच ठरलंय. तो तेच सांगणार जे पहिल्यापासून सांगतोय.”

ती म्हणाली, “मी त्याच्याशी काय बोलले ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, मेव्रौ.”

फोन ठेवल्यावर दादारावांवर ओरडले, दुसरं कुणी जवळ नव्हतं. “वकील आपला आणि गुपितं आपल्यापासून!” ते म्हणाले, “वकील सुयशचा आहे.”

तीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी पहिल्यांदा ‘बाहेर जा’ म्हटलं. ते खरंच गेले. सायकल काढून कालव्याच्या बाजूने गेले आणि अंधार पडायच्या सुमारास परत आले.

मंगळवार, १० जून

हे आजच लिहायला हवं.

कोर्टात तीन न्यायाधीश, मधे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष. सरकारी वकील एक बाई. मेव्रौ फान देल्डन बहिणीबरोबर आल्या होत्या, उजवा हात मांडीवर. सुयशला आणलं. मीच घेतलेला निळा शर्ट घातला होता. आज मागे वळून त्याने आमच्याकडे पाहिलं, आधी दादारावांकडे.

अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही अपील केलं आहे. आधीच्या निकालाबद्दल तुमचा आक्षेप काय?”

हे आम्हाला माहीत होतं. याचं उत्तर मी त्याच्याकडून किती वेळा घोटून घेतलं होतं.

सुयश उभा राहिला. म्हणाला, “दोषी ठरवण्याबद्दल माझा काही आक्षेप नाही.”

मला वाटलं, माझं डच चुकतंय. मी दादारावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

“मला माहीत होतं,” सुयश म्हणाला. “चाकूचं माहीत होतं. रोबिनने आदल्या दिवशी दाखवला होता. नुसता दाखवायला आहे म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.”

अध्यक्ष म्हणाले, “आधी तुम्ही वेगळं सांगितलं होतं.”

“हो. ते खोटं होतं.”

“मग आता का सांगताय?”

“कारण तुम्ही पुन्हा विचारलंत.”

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. मग डावीकडच्या न्यायाधीश बाईंनी विचारलं, तेच दुकान का?

सुयशने समोरच्या टेबलाची कड धरली. फेम्केने त्याच्या पाठीला हात लावला. तो म्हणाला, “दुकान मी सांगितलं. मी तिथे आईची पार्सलं आणायला जायचो. मला माहीत होतं, दुकान बंद करायच्या वेळी त्या एकट्या असतात.” मग तो मेव्रौंकडे वळला. “तुम्ही मला ओळखत होता. म्हणून मी बाहेर थांबलो.”

म्हणून तो बाहेर थांबला.

फेम्केने थोडा वेळ मागितला. परत आल्यावर ती निकालातल्या त्या वाक्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आठ महिने मी ज्या वाक्यावर जगले, ते तिने बाजूला ठेवलं आणि फक्त शिक्षेवर बोलली: वय, पहिला गुन्हा, आज त्याने जे केलं ते. सरकारी वकील बाईंनी तरीही चार वर्षं मागितली. योजनेत त्याचा वाटा मोठा होता, हे आता सिद्ध झालंय, त्या म्हणाल्या. माझ्या पोराने स्वतःच्या तोंडाने सिद्ध करून दिलं!

मेव्रौ फान देल्डनना बोलायचा हक्क होता. कागद आणला होता, तो त्यांनी घडी घालून पर्समध्ये परत ठेवला. एवढंच म्हणाल्या, “वर्षभर मी दार धरणाऱ्या प्रत्येक पोराला घाबरले. आता निदान कारण कळलं.”

बाहेर आल्यावर मी पायऱ्यांवर बसले. कुणाचा हात घेतला नाही.

बुधवार, ११ जून

“तुम्हाला माहीत होतं.”

दादाराव नाही म्हणाले नाहीत. “फेब्रुवारीत सांगितलं त्याने.”

“आणि तुम्ही माझ्यापासून लपवलंत!”

“त्याने मला शपथ घातली नव्हती. पण ते त्याने तुला सांगायचं होतं. मी सांगितलं असतं तर तू त्यालाही माझ्यासारखं गप्प केलं असतंस.”

मी हातातली बशी आपटली. फुटली. धम्मदीपा जिन्यात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुलाही सांगितलं होतं?”

“No, mama,” ती म्हणाली. मग मराठीत, अडखळत, “मला फक्त दिसलं.”

सगळ्यांना दिसलं. तीन न्यायाधीशांना, वकिलाला, सोळा वर्षांच्या मुलीला. मी आई आहे आणि मी त्यांच्याशी भांडत होते. नांदेडच्या आजोबांची गोष्ट सांगून मी त्याला खोटं बोलायला बसवलं, आणि त्याने ऐकून घेतलं. त्यानेही मला मूर्ख बनवलं. माझ्या डोळ्यात बघून ‘कर तुला करायचं ते’ म्हणाला. मी कुणाकुणावर चिडू?

मंगळवार, २४ जून

निकाल. अडीच वर्षं, त्यातलं शेवटचं एक वर्ष निलंबित. मार्चपासून आत काढलेले महिने धरले तर सप्टेंबरमध्ये सुटेल.

अध्यक्षांनी कारण वाचून दाखवलं. दोष कायम. दुकान त्याने निवडलं, हे गंभीर. पण ज्या दिवशी गप्प बसणं फायद्याचं होतं, त्या दिवशी तो खरं बोलला, हे कोर्टाने जमेस धरलं.

फेम्केने हात मिळवला. विनयदादाला कळवलं, त्याने अंगठा पाठवला. सगळे म्हणताहेत, जिंकलात. दादाराव कोर्टाबाहेर रडले, भर रस्त्यात. मी नाही. मला जिंकल्यासारखं काही वाटत नाही. मी जे मागत होते ते कोर्टाने दिलं नाही, आणि जे दिलं ते मी कधी मागितलं नव्हतं.

शनिवार, २८ जून

एकटीच गेले. जाताना मनात सगळी भाषणं तयार होती.

तो समोर बसला. मी सुरुवात केली. “बाबांना सांगितलंस. वकिलाला सांगितलंस. भर कोर्टात परक्या तीन माणसांना सांगितलंस. मला का नाही? मी तुझ्यासाठी कुणाकुणाशी भांडले, तुला कल्पना आहे?”

“आहे.”

“मग?”

“बाबांनी विचारलं, आई.” तो चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. “ते आले, बसले आणि म्हणाले, त्या दिवशी काय झालं ते सांग. तू कधी विचारलंच नाहीस. एकदाही. तू आलीस की मला सांगायचीस काय झालं ते.”

मी आठवून पाहिलं. या डायरीची पानंही परत आल्यावर उलटली. त्याचं खरं आहे. अपील नको म्हणाला तेव्हा मी ‘का’ म्हणाले होते, पण ते भांडायला.

शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी बाळ रडत होतं. राग गेलेला नव्हता. अजूनही नाही. पण तासातला निम्मा वेळ संपला होता.

“सांग,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”

त्याला विश्वास बसेना. मग त्याने सांगायला घेतलं. परीक्षेत नापास झाल्याचं, ते आमच्यापासून लपवल्याचं, रोबिनने दिलेल्या उसन्या पैशांचं, स्कूटरचं. मी ओठ दाबून ऐकत होते. मधे दोनदा तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. मग तो दुकानापर्यंत आला. आतून मेव्रौंची किंकाळी ऐकू आली, आणि त्याने तो आवाज ओळखला, आणि तरीही त्याने हँडल सोडलं नाही.

“थांब,” मी म्हटलं.

तो लगेच थांबला. त्याचा चेहरा मिटला, जसा गेलं वर्षभर माझ्यासमोर मिटत आलाय. मला ते आज पहिल्यांदा दिसलं.

“नाही,” मी म्हटलं. “बोल.”